इनांडाच्या बालवाडीत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘परदेशात लहान मुलांमध्ये केलेले सेवाकार्य’. विषय भारदस्त आहे. पण मी जे केले त्यातले निम्मे काम भांडी घासण्याचे आणि नखे कापण्याचे होते, तेव्हा ‘सेवाकार्य’ हा शब्द तेवढा बाजूला ठेवून बोलते. दुसरे असे, की येथे पांढरा पडदा लावून ठेवलेला दिसतो आहे. मी फोटो दाखवीन अशी पुष्कळ जणींची अपेक्षा असावी. तो पडदा आज कोराच राहणार आहे. मुलांचे फोटो काढणार नाही, असे मी तेथे लिहून दिले होते. ते का, हे बोलण्याच्या ओघात येईलच. मुलांची नावे मी सांगणार नाही, संस्थेचेही सांगणार नाही. गाव मात्र सांगते. इनांडा.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डर्बन हे मोठे बंदर आहे. त्याच्या उत्तरेला टेकड्यांच्या उतारांवर पसरलेली ही वस्ती. नाव ऐकून ती दूरची वाटते, पण आपल्याला अगदीच परकी नाही. गांधीजींनी १९०४ साली फिनिक्स आश्रम वसवला तो इनांडाच्याच कडेला. १९८५ च्या दंगलीत तेथले त्यांचे घर जळाले. ते पुन्हा बांधून २००० साली लोकांसाठी खुले झाले. जवळच जॉन दुबे यांनी १९०१ साली काढलेली ओहलांगेची शाळा आहे. १९९४ साली नेल्सन मंडेलांनी आयुष्यातले पहिले मत दिले ते ह्या शाळेत. माझी भाची डर्बनला असते. तिच्या घरी राहून मी २०२४ च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत, सहा महिने, इनांडातल्या एका बालवाडीत रोज जात होते. आपल्याकडच्या बालवाडीत एकतीस वर्षे काढली असल्यामुळे त्यांनी मला घेतले, नाहीतर घेतले नसते.

परत आल्यापासून जिन्यात, दुधाच्या केंद्रावर, लग्नाच्या पंगतीत मला एकच प्रश्न विचारला जातो : ‘भीती नाही वाटली?’ विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. एच.आय.व्ही.विषयी आपण जे ऐकले ते बहुतेक तीसएक वर्षांपूर्वी ऐकले, आणि मग कानांवर हात ठेवले. म्हणून आधी तेवढे सांगून टाकते. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि आईकडून पोटातल्या, जन्मणाऱ्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, पापा घेतल्याने, शेंबूड पुसल्याने, एका पांघरुणात निजल्याने तो जात नाही. मी सहा महिने शेंबूड पुसले. मला मिळाली ती सर्दी. (हशा)

आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर शंभरांतल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आई रोज नेमाने औषध घेत असेल तर हेच प्रमाण शंभरांत ५ च्याही खाली येते, आणि ती बाळाला अंगावर पाजूही शकते. नेमाने औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीतही सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून तो पतीला किंवा पत्नीला जात नाही. तेव्हा आमच्या बालवाडीतल्या मुलांपैकी स्वतः बाधित अशी फार थोडी असणार. बाकीच्यांच्या घरात तो रोग होता, कुठे आईला, कुठे मावशीला, कुठे आजीला. आणि काही घरांत त्याने मधली माणसेच शिल्लक ठेवली नव्हती. कोणते मूल कोणत्या घरचे, हे मला सांगण्यात आले नाही आणि मी विचारले नाही.

सकाळी सातच्या सुमारास मुले पोहोचवायला बायका येत, त्यांत आया थोड्या आणि आज्या पुष्कळ. झुलू भाषेत आजीला ‘गोगो’ म्हणतात. माझे पांढरे केस पाहून मुलांनी मलाही पहिल्या दिवसापासून गोगो केले. नावाने मला तेथे कोणी हाक मारलीच नाही.

एवढ्या आज्या का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. त्या देशाची लोकसंख्या सहा कोटींच्या थोडी वर, म्हणजे साधारण आपल्या महाराष्ट्राच्या निम्मी. त्यांत एच.आय.व्ही. असलेली माणसे ७५ लाखांहून अधिक. एवढी मोठी संख्या जगात दुसऱ्या कोणत्याही देशात नाही. आपल्या सबंध भारतात ती २५ लाखांच्या घरात आहे. त्या देशातही सर्वांत अधिक झळ लागली ती क्वाझुलू-नाताल प्रांताला, आणि इनांडा त्याच प्रांतात आहे. पुरुष जोहान्सबर्गच्या खाणींत नाहीतर बंदरावर कामाला, आणि बायकामुले गावी, अशी रीत वर्णभेदाच्या कायद्यांनी तेथे पक्की करून टाकली होती. बिऱ्हाड बरोबर नेण्याची मुभा नव्हती. वर्षातून एकदोनदा घरी येणारा यजमान काय काय घेऊन येतो, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या ज्या घरांनी मुंबईच्या गिरण्यांचे दिवस पाहिले, त्यांना मी वेगळे सांगायला नको.

१९९६ पासून श्रीमंत देशांत तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार सुरू झाला आणि मरणारी माणसे उठून बसू लागली. खर्च मात्र माणशी वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर. २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत, डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेला देऊ केली. जगभर खळबळ उडाली. पण औषध स्वस्त झाले म्हणून ते गरिबाच्या घरी आपल्या पायांनी चालत जात नाही. दक्षिण आफ्रिकेचे त्या वेळचे अध्यक्ष थाबो म्बेकी यांना या विषाणूमुळे हा रोग होतो हेच मान्य होईना. त्यांच्या आरोग्यमंत्री बाई लसूण, बीट आणि लिंबाची शिफारस करीत. आपल्याकडेही लसणीवर विश्वास कमी नाही, पण ती फोडणीत. (हशा) शेवटी रुग्णांची बाजू घेणारे लोक कोर्टात गेले. २००२ च्या जुलैत तेथल्या संविधान न्यायालयाने सरकारला हुकूम केला, की बाळंत होणाऱ्या आईला आणि जन्मलेल्या बाळाला नेव्हिरापीन हे औषध मिळालेच पाहिजे. सरकारी दवाखान्यांतून सर्वांना उपचार मिळू लागले ते २००४ पासून. या दिरंगाईपायी तीन लाखांहून अधिक माणसे हकनाक गेली, असा हिशेब हार्वर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ साली मांडला.

ती माणसे म्हणजे या आज्यांच्या मुली आणि मुलगे. आमच्याकडे येणाऱ्या एका गोगोने २००० ते २००४ या पाच वर्षांत तीन मुले मातीआड केली आणि मागे राहिलेली पाच नातवंडे वाढवली. त्यांतली एक नात आता स्वतः आई झाली आहे आणि डर्बनला एका दुकानात कामाला जाते. पहाटे निघते, रात्री येते. तिच्या चार वर्षांच्या मुलाचे बोट धरून ही पणजी रोज टेकडी चढून येई. वय सत्त्याहत्तर. थकले असे ती कधी म्हणाली नाही. गुडघ्याला तुमच्याकडे काय लावतात, एवढे मात्र तिने मला पुन्हा पुन्हा विचारले.

तिची मुले कशाने गेली हे तिने मला चौथ्या महिन्यात सांगितले. त्या काळी कोणीच सांगत नसे. क्षय म्हणायचे, नाहीतर छातीत पाणी झाले म्हणायचे. इनांडाला लागूनच असलेल्या भागातल्या गुगू डलामिनी या बाईने १९९८ च्या डिसेंबरात, जागतिक एड्स दिनाच्या सुमारास, ‘मला एच.आय.व्ही. आहे’ असे चारचौघांत सांगितले आणि काही दिवसांतच जमावाने तिला मारून टाकले. डर्बनच्या एका बागेला आज तिचे नाव आहे. न्कोसी जॉन्सन या मुलाला १९९७ साली एका शाळेने घ्यायला का-कू केली आणि त्याची चर्चा देशभर झाली. २००० साली डर्बनच्या जागतिक परिषदेत तो अकरा वर्षांचा मुलगा हजारो लोकांपुढे उभा राहून बोलला, आणि पुढच्या वर्षी बाराव्या वर्षी गेला. २००५ च्या जानेवारीत मंडेलांचा मुलगा वारला, तेव्हा तो एड्सने गेला असे त्यांनी स्वतः पत्रकारांना बोलावून सांगितले. त्यानंतर पुष्कळ घरांची तोंडे उघडली. तरीही फोटोच्या खाली ‘एच.आय.व्ही.ग्रस्त वस्तीतील मुले’ असे छापले गेले, की त्यात जे मूल दिसते ते जन्मभरासाठी छापले जाते. ते बाधित असो वा नसो. पडदा कोरा आहे तो यासाठी.

आता बालवाडीविषयी. विटांची एक मोठी खोली, वर पत्रा, पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर. पटावर त्रेचाळीस मुले, दोन ते पाच वर्षांची. पगारी बाया तीन आणि स्वयंपाकाची एक. मुख्य बाईंना सगळेच ‘मा’ म्हणत, मीही म्हणे, जरी त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होत्या. नळाला कधी पाणी असे, कधी नसे, म्हणून पिंपे भरून ठेवलेली. खेळणी म्हणजे बाटल्यांची झाकणे, सोललेल्या मक्याची बुरकुंडे, निरनिराळ्या बिया, दोऱ्याची रिळे. ती ओळीने मांडलेली पाहून मला आपल्या ताराबाई मोडकांची आठवण झाली. त्यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा परदेशी महागडी साधने बाजूला सारून शंख, शिंपले, चिंचोके हीच साधने केली होती. माना मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, ‘पैसे नसले की सगळ्यांना एकच सुचते.’

जेवणाला मक्याचे जाडसर दळलेले पीठ शिजवून मोकळे करतात. त्याला पुतू म्हणतात. त्यावर आंबवलेले घट्ट दूध घालतात, ते अमासी. आपल्या कण्या आणि ताकच म्हणा ना! मी एकदा त्यावर मोहरी-कढीलिंबाची फोडणी घातली. डर्बनमध्ये भारतीय माणसे १८६० पासून आहेत, त्यामुळे कढीलिंबाला तोटा नाही. मुलांनी पाने वेचून ओळीने ताटाच्या कडेला लावली आणि बाकीचे खाल्ले. तंतोतंत आपल्या मुलांसारखे.

पहिल्या दिवशी मानी मला दोन गोष्टी सांगितल्या. मुलांत काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मुलांना इजा करणाऱ्यांच्या सरकारी नोंदवहीत नाही ना, हे तपासून घेण्याचा तेथे २००५ चा कायदा आहे. माझ्या नावाचा तसा कागद आल्याशिवाय मी मुलांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. तोवर स्वयंपाकघर. आणि कागद आल्यावरही पहिला महिनाभर कोणत्याही मुलाला आपण होऊन उचलून घ्यायचे नाही. मूल येऊन मांडीवर बसले तर बसू द्यायचे. रडू लागले तर त्याच्या नेहमीच्या बाईला हाक मारायची.

हा दुसरा नियम ऐकून तेथे आलेल्या एका परदेशी मुलीचे डोळे भरून आले. ती दोन आठवड्यांसाठी आली होती, तिच्या देशातल्या एका कंपनीला पुष्कळ पैसे भरून. ‘मग मी इतक्या दूर कशाला आले?’ असे ती म्हणाली. मुलगी मनाने फार चांगली होती. पण नियम बरोबर होता, आणि बालवाडीत ज्यांनी वर्षे काढली आहेत त्यांना तो लगेच कळावा.

कारण पाहा. दोनअडीच वर्षांच्या मुलाला जग म्हणजे एकदोन माणसे. तीच सकाळी दिसली, तीच संध्याकाळी दिसली, की जग जागेवर आहे. आता ज्या मुलाची आई गेली, मग मावशी गेली किंवा दूर कामाला गेली, त्या मुलाने माणसे जाताना पाहिली आहेत. त्याच्यापुढे दर पंधरवड्याला एक नवीन गोरी, गोड, खाऊ देणारी ताई आणून उभी करायची, तिने त्याला कडेवर घेऊन फिरायचे, आणि लळा लागतो न लागतो तोच तिने विमानात बसायचे! त्या ताईला वाटते, मुले किती प्रेमळ आहेत, पहिल्याच दिवशी गळ्यात पडली. चार वर्षांचे मूल पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडते, तेव्हा मला काळजी वाटते. आपल्या घरातले मूल तसे करील काय? ते आईच्या पदरामागे लपेल. लपायला पदर आहे म्हणून लपेल.

दक्षिण आफ्रिकेतल्याच लिंडा रिश्टर या बालमानसशास्त्राच्या विदुषीने एमी नॉर्मन यांच्याबरोबर २०१० साली एक लेख लिहून हा धोका मांडला. त्यांनी लिहिले ते अनाथालयांविषयी. हौशी पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुले संस्थेत ठेवली जातात, आणि मुले मात्र लागोपाठ तुटणाऱ्या नात्यांनी होरपळतात. आमची बालवाडी अनाथालय नव्हती. मुले संध्याकाळी घरी जात, आणि म्हणूनच ती मला पसंत पडली. पण मा म्हणत, की दुखणे तेच आहे, फक्त लहान प्रमाणात.

मग मी काय केले? बायांचे हात मोकळे केले, एवढेच. मी पातेली घासली म्हणून स्वयंपाकाची बाई अर्धा तास एका अबोल मुलीजवळ बसू शकली. ही मुलगी तीन वर्षांची. आमच्याकडे आली तेव्हा तिची आई नुकतीच वारलेली होती. ती कोणाशीच बोलेना, पण या स्वयंपाकाच्या बाईच्या मागे मागे फिरे. दुसऱ्या कोणाच्या हातून खाई ना. मी तिच्याकडे पाहून हसायचे सुद्धा बेताने हसले. सहा महिन्यांत ती माझ्याशी एकदाही बोलली नाही, आणि ते योग्यच झाले. स्वयंपाकाच्या बाईशी मात्र जूनमध्ये बोलू लागली, ते अखंड. पातेल्यात काय आहे, झाकण का हलते, कांदा का रडवतो. मी भिंतीपलीकडे भांडी विसळीत ऐकत असे.

नखे कापण्याचे काम मात्र माझ्याकडेच राहिले. दर सोमवारी त्रेचाळीस मुलांची नखे, म्हणजे किती बोटे ते मुलींनी मनातल्या मनात करावे. त्यात एक नियम होता. प्रत्येक मुलानंतर नेलकटर पुसून निर्जंतुक करायचा. कोणी पडले, गुडघा फुटला, तर हातमोजे घालूनच रक्त पुसायचे, आणि हातमोजे संपले असतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळायची. हे सर्वांसाठी, सरसकट. एका मुलाला मोजे घालून आणि दुसऱ्याला नुसत्या हाताने, असे झाले की मुले पाहतात, घरी सांगतात आणि वस्तीला जे कळू नये ते कळते. मा यात फार कडक होत्या. त्यांच्या स्वतःच्या नातीचा गुडघा फुटला तेव्हाही त्यांनी मोजे शोधायला लावले, आणि नात तोवर भोकाड पसरून बसली होती.

औषध बालवाडीत देत नसत, ती घरची बाब. पण बुधवारी दुपारी आज्या जमत तेव्हा गोष्टी निघत. पूर्वी लहान बाधित मुलांना एक पातळ औषध असे. ते इतके कडू, की मुले थुंकत, ओकत, दात घट्ट मिटून घेत. त्यात निम्म्याच्या आसपास दारूचा अर्क. एक गोगो सांगे, आधी जिभेला शेंगदाण्याचे लोणी फासायचे, मग नाक धरून औषध, मग पुन्हा लोणी. दिवसातून दोन वेळा, वर्षानुवर्षे. आता डोल्युटेग्रावीर नावाची पाण्यात विरघळणारी छोटी गोळी निघाली आहे, स्ट्रॉबेरीच्या चवीची. दक्षिण आफ्रिकेत ती मुलांना २०२३ पासून मिळू लागली, आणि ती करणाऱ्यांत आपल्या मुंबईची मॅक्लिऑड्स ही कंपनी आहे. त्या गोगोने एकदा पदराआडून रिकामी बाटली काढून मला दाखवली. वाचता येत नव्हते, पण कोणीतरी तिला सांगितले होते. ‘तुमच्या गावाहून येते,’ ती म्हणाली, आणि जणू ती मीच कुटून पाठवली असावी तसे तिने माझे दोन्ही हात धरले. मला अवघडल्यासारखे झाले. सरकारी पैशाने विकत घेतलेले औषध, त्यात माझे काय! पण हात सोडवून घेतले नाहीत.

मुलांना या आजाराचे नाव पाचसहा वर्षांच्या आत सांगत नाहीत. अंगात काही शिपाई असतात, काही वाईट पाहुणे शिरले आहेत, गोळी घेतली की ते पाहुणे झोपून राहतात, असे सांगतात. नाव पुढे टप्प्याटप्प्याने, साधारण बाराव्या वर्षापर्यंत. मुले मात्र आपल्यापरीने पुढेच असतात. अंगणात त्यांचा आवडता खेळ दवाखाना. एक जण खोक्यावर बसे, बाकीची रांगेत. तो प्रत्येकाच्या हातावर मक्याचे दोन दाणे ठेवी आणि दरडावून विचारी : ‘काल घेतल्या होत्या का?’ रांगेत सगळे असत. ज्यांच्या घरी गोळी होती तेही आणि नव्हती तेही. एका चिमुरडीने दाणे घेऊन ‘ह्या गोगोसाठीही द्या, तिला चालवत नाही’ असे सांगून आणखी दोन वसूल केले.

बुधवारच्या आज्यांविषयी आणखी थोडे सांगते, कारण मला सर्वांत अधिक आनंद तेथे झाला. तेथे गेलेल्या माणसाची आठवण म्हणून मुलासाठी एक पेटी करतात. त्यात फोटो, पत्र, आईची एखादी माळ, तिच्याविषयी लिहून घेतलेली हकीकत असते. पीटरमेरित्झबर्गच्या विद्यापीठातल्या लोकांनी ही कल्पना गावोगाव नेली. पण पुष्कळ घरांत फोटो नसतात, पत्रे तर नसतातच. असतात ते कपडे. एकीने मला विचारले, यांचे काय करावे? मी त्यांना गोधडी दाखवली. थर कसे लावायचे, कडेकडेने आत टाके कसे घालत यायचे. त्यांना शिवण माहीत होतेच, त्यामुळे तासाभरात त्या माझ्या पुढे गेल्या. ज्या सत्त्याहत्तर वर्षांच्या गोगोविषयी मी बोलले, तिने धाकट्या मुलीचा निळा झगा वीस वर्षे खोक्यात जपून ठेवला होता. तो आणला, मांडीवर ठेवला, आणि त्या दिवशी कापला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी तिने स्वतःच कात्री मागितली. जुलैत तेथे थंडीचे दिवस. दुपारी मुले निजवताना पणतू त्या गोधडीत असे, आणि निळा तुकडा कोणता हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून दाखवी.

मी निघाले तेव्हा निरोपसमारंभ केला नाही. मानीच नको म्हटले. आठवडाभर आधी मुलांना रोज थोडे थोडे सांगितले, की गोगोला तिच्या घरी नातवंडे आहेत, ती शुक्रवारी जाणार. शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे भांडी विसळली आणि निघाले.

त्यानंतरची हकीकत मानी कळवली ती अशी. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या सरकारने परदेशांना द्यावयाची मदत एकाएकी थांबवली. २००३ पासून त्या देशाचा मोठा पैसा या कामात येत होता. दक्षिण आफ्रिकेत गोळ्या बहुतांशी तेथल्या सरकारच्याच पैशाने येतात, त्यामुळे गोळ्या बंद झाल्या नाहीत. पण घरोघर फिरून कोणी औषध चुकवले, कोणाची आई दवाखान्यात आली नाही, हे पाहणाऱ्या कितीतरी बाया ठिकठिकाणी कामावरून गेल्या. इनांडातल्या आमच्या वस्तीत येणारी बाईही गेली. आता ते काम माच संध्याकाळी करतात, बालवाडी बंद झाल्यावर.

आता मंडळापुढच्या प्रश्नाकडे येते. दिवाळीच्या सुटीत आपल्या कॉलेजातल्या मुलींची एक तुकडी दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या अशाच एखाद्या वस्तीत पाठवावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. एका कंपनीचे माहितीपत्रकही आले आहे. त्याच्या मुखपृष्ठावर एका मुलाचा चेहरा स्पष्ट दिसेल असा छापला आहे. माझे मत विरुद्ध आहे, आणि सूचना मांडणाऱ्या भगिनी माझ्या मैत्रीण असल्या तरी ते मी येथे उघड सांगते. दोन आठवड्यांत मुलींना पुष्कळ शिकायला मिळेल, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या शिकण्याची किंमत तीन वर्षांच्या मुलांनी द्यायची, हे मला पटत नाही. ज्यांना जायचेच असेल त्यांनी निदान सहा महिने काढावेत, हाताला एखादे काम असावे, आणि स्वयंपाकघरात राहायची तयारी असावी. एका मुलीच्या विमानाच्या तिकिटात तेथल्या एका बाईचा काही महिन्यांचा पगार निघतो, आणि ती बाई मुलांना सोडून कुठे जात नाही. आपल्या पंढरपूरला ‘पालवी’मध्ये अशी मुले वाढताहेत. तेथे जाण्याचे कोणाच्या मनात असेल तर तेथेही आधी विचारावे, की तुम्हाला कशाची गरज आहे. आपल्याला काय द्यावेसे वाटते ते मागाहून.

या विषयावर मते घ्यायची ती पुढच्या सभेत घ्यावीत. तोवर एक लहान काम आहे. माझी भाची पुढच्या महिन्यात येथे येऊन परत जाणार आहे, आणि आज्यांनी गोधडीच्या जाड सुया आणि जाड दोरा मागितला आहे. तिकडे मिळणाऱ्या सुया त्यांना बारीक पडतात. ज्यांना द्यायचे असेल त्यांनी मंगळवारपर्यंत माझ्याकडे आणून द्यावे. जुन्या साड्या मात्र नकोत. गोधडीचे कापड त्या आपल्या घरचेच घालतात.